पापडांना उकडतं म्हणून

मला उकडत नाही, हे मी आमच्या रामवाडीत स्वतःच्या तोंडाने जाहीर केलेलं आहे.

जाहीर केलं ते गेल्या चैत्रात, आमच्याच गच्चीवर. आमच्याकडे पोह्याच्या पापडांचं काम चालतं. पेणमध्ये ते पुष्कळ घरांत चालतं, त्यामुळे त्यात मिरवण्यासारखं काही नाही (तरी मी मिरवते). त्या दिवशी पाच-सहा बायका लाटायला बसल्या होत्या. माझी सून ऋतुजा चहा घेऊन वर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, आमच्या खोलीत आहे तसा एसी तुमच्या खोलीतपण बसवून घेऊ या का? मंदारने दुकानात विचारून ठेवलंय."

मंदार माझा मुलगा. आईची काळजी वाटली, तर ती आईला एकटीला गाठून सांगावी, हे त्याला आणि त्याच्या बायकोला कुणी शिकवलं नाही. मला म्हातारी ठरवल्यासारखं वाटलं. बायकांची लाटणी थांबली. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

"एसी? मला? अगो, मी चुलीपुढे वाढलेली बाई! मला नाय उकडत!"

"तसं नाही आई, पण यंदा ऊन जास्त..."

"माझ्या खोलीत ज्या दिवशी एसी येईल ना, त्या दिवसापासून मी पापडाला हात लावणार नाय! ऐका सगळ्यांनी!"

सगळ्यांनी ऐकलं. हिराबाई तर इतक्या जोरात "शाब्बास वयनी!" म्हणाली की शेजारच्या गच्चीवरच्यांनीही ऐकलं. हिराबाई खाडीकडच्या गावातून येते. तिच्या कानावर गेलेली गोष्ट त्याच संध्याकाळी तिच्याबरोबर रिक्षात बसून गावी पोचते. म्हणजे माझी प्रतिज्ञा दिवस मावळायच्या आत खाडीपर्यंत गेली होती.

आणि त्याच आठवड्यात मला उकडायला लागलं!

साधं उकडणं नव्हे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आतून जे पेटतं, ते. बसल्या बसल्या मानेपासून वर आग जायची, पाठ भिजायची, आणि पाच मिनिटांनी काहीच झालं नाही असं व्हायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वयाचं आहे, होईल कमी. झोपायची जागा गार ठेवा." मी मान हलवली. गार जागेबद्दल मी गच्चीवर काय बोलून बसले होते, ते त्यांना कुठे ठाऊक होतं!

घरात मी कुणाला कळू दिलं नाही. पंखा पूर्ण वेगाने सोडायचा आणि सांगायचं, "डास फार झालेत." आमचे हे बिचारे गरीब स्वभावाचे. भर एप्रिलमध्ये कानाला मफलर बांधून माझ्या शेजारी झोपायचे आणि म्हणायचे, "डास कमी झालेत हां आता." मी फरशीवर झोपून पाहिलं, उशाशी ओला टॉवेल घेऊन पाहिलं. पण पहाटे उठून पोह्यांचं पीठ मळायचं, दुपारपर्यंत लाटायचं, आणि दुपारची तासभर झोप मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचे पापड मिठाचे की खाराचे हे जिभेला कळत नाही. झोप गेली की माझा धंदाच जाणार होता. आणि एसी घेतला तर शब्द जाणार, आणि शब्दाप्रमाणे वागायचं तर धंदा पुन्हा जाणारच! कुठूनही मोजलं तरी पापड बुडत होते.

अशा वेळी फोनवरच्या एका व्हिडिओत मला एक बाई भेटली. 'झोपेत गरम होणाऱ्यांनी चादर कशी निवडावी' हे ती फार गोड आवाजात सांगत होती. बांबूच्या धाग्याची घ्यावी, लिननची घ्यावी, सुती घ्यायची तर मोकळ्या विणीची घ्यावी, काही चादरींना तर नुसता हात लावला तरी गार लागतं. (तिच्या मागच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता. अशा ठिकाणी मला आमची गोणपाटंही गार लागली असती. पण हे मला नंतर सुचलं.) मला एवढंच दिसलं की चादर म्हणजे एसी नव्हे! चादरीने प्रतिज्ञा मोडत नाही!

पेणमध्ये घेणं शक्यच नव्हतं. इथले सगळे दुकानदार मला ओळखतात. एकाने जरी विचारलं, "काय काकू, उकडतंय वाटतं?" तर संपलंच. म्हणून मी माहेरी, रोह्याला जायचं ठरवलं. तिथे माझा थोरला भाऊ आणि वहिनी असतात. वहिनींच्या धाकट्या मुलीचा साखरपुडा ठरला होता, पापड मीच देणार होते, तेव्हा निमित्त आयतंच होतं. एसटीत खिडकीजवळ बसले. गडब गाव येईपर्यंत वारा गरम होता, पुढे तो आणखी गरम झाला. मी पदराने वारा घेत होते आणि शेजारच्या बाईला सांगत होते, "मला उकडत नाही, पण ही माशी बघा ना."

वहिनींना मी खरं सांगितलं. त्यांनी हसू दाबलं आणि मला एका मोठ्या दुकानात नेलं. काचेचं दार ढकलून आत गेलो, तर इतकं प्रसन्न वाटलं की मी मनात म्हटलं, माहेरची हवाच वेगळी!

दुकानदाराने चादरींचा ढीग टाकला. आता चादर म्हटलं की माझे हात ऐकत नाहीत. तीस वर्षं मी चादरी घेतल्यात त्या पापड वाळत घालायला. मी पहिली चादर उचलली, तोंडाला लावली आणि जोरात फुंकर मारली.

"ताई, काय करताय?"

"वारा जातो का बघते."

दुसरी उजेडात धरली. तिसरीचा कोपरा जिभेने ओला करून पांढऱ्या रुमालावर घासला, रंग जातो का ते पाहायला. चौथी मुठीत चुरगाळली आणि तिच्यावर तळवा दाबून सोडला, चिकटते का ते पाहायला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं जरा बाजूला सरकली. वहिनी छताकडे बघत उभ्या राहिल्या.

"ताई," दुकानदार नरमाईने म्हणाला, "झोपायलाच पाहिजे ना?"

"मग काय पांघरून नाचायला?" मी म्हटलं.

खरं तर त्यात एक साधी, पांढरी, मोकळ्या विणीची सुती चादर होती. फुंकर आरपार जात होती, रंग जात नव्हता, चिकटत नव्हती. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ही घ्या. ही चांगली हाय." पण तेवढ्यात दुकानदाराने आतून एक निळी, चमकणारी चादर काढली आणि माझ्यापुढे पसरली.

"ही हात लावून बघा फक्त. कूलिंग आहे. बर्फ!"

मी हात ठेवला. खरंच बर्फ! मी गाल टेकवला. (भर दुकानात. वहिनी तेव्हा दाराबाहेर गेल्या.) त्या गारव्याने माझे डोळे मिटले. पांढऱ्या चादरीची फुंकर, वीण, सगळं विसरले.

"वन्सं, ही नायलॉनसारखी लागते हो," वहिनी परत येऊन म्हणाल्या. "नका घेऊ."

"तुम्हाला यातलं नाय कळायचं वहिनी. हात लावा, बर्फ हाय!"

त्या दुकानात एसी चालू होता. माहेरची हवा म्हणून मला जी प्रसन्न वाटली होती, ती भिंतीवरून येत होती! त्या दुकानात चादरीच काय, काउंटर गार होता, कात्री गार होती, मालकाचं टक्कलसुद्धा गार असणार. एसीच्या नावाने गच्चीवर गर्जना करणाऱ्या बाईला, आपण एसीखाली उभं राहून चादर निवडतोय, हे कळलं नाही. मी बर्फ घडी करून पिशवीत घातला आणि पेणला आले.

घरी सांगितलं, "वहिनींनी भेट दिली. नको म्हटलं तरी ऐकेनात."

दुसऱ्या दिवशी दुपारी चादर घातली आणि आडवी झाले. पहिल्या मिनिटाला गार लागली. दुसऱ्या मिनिटाला कोमट. तिसऱ्या मिनिटाला मला कळलं, की तव्यावर टाकलेल्या पापडाला काय वाटत असेल. घाम जिरेना, वारा आरपार जाईना. मी चडफडत कुशीवर वळले, आणि तेवढ्यात आमचे हे पायमोजे काढायला पलंगाच्या कडेवर टेकले.

टेकले आणि गेले! म्हणजे चादरीवरून सुर्रकन सरकून, उशी घेऊन, थेट फरशीवर. कपाटाच्या दाराला टाच लागली तेव्हा थांबले.

"अगो, ही चादर हाय का घसरगुंडी!"

"तुम्हाला नीट बसता येत नाय!"

"पस्तीस वर्षं बसतोय या पलंगावर!"

ते लंगडत बाहेरच्या खोलीत गेले आणि तिथल्या दिवाणावर झोपायला लागले. मला वाईट वाटलं. मफलर बांधून का होईना, ते शेजारी असायचे. पण चादर चुकली असं मी कबूल केलं असतं, तर कशासाठी आणली हेही कबूल करावं लागलं असतं. तेव्हा मी चादरीला दुरुस्त करायला घेतलं.

आमच्या घरी कुठल्याही कापडात काही बिघाड वाटला की एकच उपाय असतो, भाताची खळ. साडी मऊ पडली, खळ. पडदा लोंबला, खळ. मी भाताच्या पेजेची दाट खळ करून चादर बुडवली. ती गुळगुळीत पोरगी खळ पिईना, म्हणून आणखी दाट केली, आणखी बुडवली आणि उन्हात टाकली. घसरणं अगदी बंद झालं. चादर हातात घेतली तर उभी राहात होती.

दुपारी झोपले. कूस बदलली. कुर्रर्र! पाय हलवला. कड्कड्! नाक खाजवलं तरी चादर बोलायची. मी श्वास रोखून पडून राहिले, पण आतून आग निघाली की माणूस किती वेळ स्थिर राहणार? पाचव्या वळणाला शेजारच्या खोलीतून ऋतुजाचा आवाज आला.

"आई, आत्ता पापड तळताय?"

"नाय गो, झोपलेय."

"मग आवाज कसला?"

"झोपेचाच."

ती परत आपल्या कामाला लागली. पण नंतरच्या दुपारी बाहेरून यांचाही आवाज यायला लागला. "सुनंदा, झोप नाय लागत का गो? सात वेळा वळलीस." म्हणजे आतापर्यंत जे कुणाला ठाऊक नव्हतं, ते आता चादर घरभर सांगत होती! मी सकाळी उठून ती धुतली, खळ पार काढून टाकायची म्हणून तीन पाण्यांतून काढली, आणि शेवटच्या पाण्यात, हाताच्या सवयीने, पुन्हा खळ घातली. गच्चीवर दोरीवर टाकताना ते लक्षात आलं. म्हटलं, असू दे, आज पापडांचा दिवस आहे, उद्या बघू.

तो दिवस वहिनींच्या पापडांचा होता. साखरपुड्याचे पापड संध्याकाळी त्या स्वतः न्यायला येणार होत्या. सगळं वेळेत चाललं होतं. मी फोन घ्यायला खाली आले, तोवर वर चादरी कमी पडल्या. आता आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. दोरीवर धुतलेली, बिनछापाची चादर दिसली की ओढायची आणि पसरायची, मला विचारत बसायचं नाही, ओले पापड थांबत नाहीत. हिराबाईने नियम पाळला. तिने माझी निळी, अर्धी ओली, ताज्या खळीची चादर ओढून पसरली आणि वहिनींचे निम्मे पापड एकेक करून तिच्यावर अगदी निगुतीने मांडले.

मी वर आले तेव्हा ऊन तापलं होतं, खळ सुकली होती आणि पापड चादरीला डकले होते.

"वयनी, पापड निघत नाय!"

मी एक सोडवायला गेले. अर्धा हातात आला, अर्धा चादरीवर राहिला.

"ही चादर कोणी घेतली?"

"तुम्हीच म्हनलाव ना, विचारायचं नाय!"

हिराबाईने खाली वाकून पापडाची कड बोटाने चाचपली. "उन्हात ठेवलं तर तडकून तुकडं होतील. गार, कोरड्या जागंत सावकाश सुकलं, तर कडा उचलतील नि आपसूक सुटतील."

"गार जागा कुठे आहे एप्रिलात?" मी ओरडले.

सगळ्या बायका एकदम ऋतुजाकडे बघायला लागल्या. ऋतुजा माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही, ही पोरगी पुढे फार वर जाईल.

"आई, आमच्या खोलीत ठेवू या का?" ती म्हणाली. "पापडांना एसी चालेल ना?"

मी वहिनींच्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. म्हटलं, "पापडांना चालेल. त्यांनी कुठे शपथ घेतलीय?"

मग चौघींनी चार कोपरे धरून ती चादर पापडांसकट जिन्याने खाली आणली. पुढे हे, "हळू, हळू, वळवा," करत, टाच अजून दुखत असल्यामुळे लंगडत. मंदारच्या खोलीतला पलंग सरकवला, फरशीवर चादर पसरली, एसी सुरू केला. "कुणीतरी पापडांजवळ बसलं पायजे," हिराबाई म्हणाली. "कड उचलली की लगेच उलटायचा." मी म्हटलं, मीच बसते. जबाबदारी माझी होती. दार लावून घेतलं आणि भिंतीला टेकून पापडांसमोर बसले.

पुढचं मला फार आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मानेवरची आग एकदा वर आली आणि येता येता विझली. पाठ कोरडी झाली. एका पापडाची कड उचलली होती, तो मी उलटला. दुसऱ्याची उचलली, तोही उलटला. तिसऱ्याची वाट बघता बघता मी जरा आडवी झाले, पापड जवळून नीट दिसावेत म्हणून.

"वन्सं! अहो वन्सं!"

डोळे उघडले तर दारात वहिनी. त्यांच्यामागे हे, ऋतुजा, हिराबाई आणि लाटणी हातात घेतलेल्या सगळ्या बायका. संध्याकाळ झाली होती. माझ्या अंगावर ऋतुजाची रजई होती आणि ती मी हनुवटीपर्यंत ओढून घेतलेली होती. पापड सगळे सुटून, सुंदर सुकून पडले होते. एक राहिला होता, तो माझ्या गालाला चिकटला होता.

"घोरत होती," हे कौतुकाने म्हणाले. "कितीतरी दिवसांनी!"

"मी राखण करत होते," मी म्हटलं. गालावरचा पापड काढला.

"चादर बाकी कामाला आली हां," ऋतुजा म्हणाली. "मामींनी भेट दिली ते बरं झालं."

"मी?" वहिनींनी कमरेवर हात ठेवला. "मी कशाला देऊ? मी तर दुकानात हात जोडत होते, नका घेऊ म्हणून! वन्संनाच उकडत होतं ना झोपेत, म्हणून..."

वहिनी थांबल्या, पण फार उशिरा थांबल्या. हिराबाईचे डोळे चमकले. ती बातमी त्या संध्याकाळी तिच्याबरोबर रिक्षात बसणार, हे मला तिथेच दिसलं. मला लाज वाटायला हवी होती. पण इतकी झोप झाली होती, की लाज वाटायला लागणारी शक्ती वापरावीशी वाटली नाही.

यांनी तेवढं विचारलं, "मला का नाय सांगितलंस गो?" आणि खोलीतला गारवा लागला तसा खिशातून मफलर काढला. त्यांनी तो अजून जवळ ठेवलेला पाहून मला भरून आलं.

वहिनींच्या मुलीचा साखरपुडा छान झाला. पापडांचं कौतुक झालं, तडकलेला एकही नव्हता. निळी चादर आता यांच्या स्कूटरवर झाकायला असते. दोनदा वाऱ्याने घसरून शेजारच्यांच्या अंगणात गेली आणि त्यांनी ती दोन्ही वेळा आणून दिली.

आणि मी शब्दाची पक्की आहे. माझ्या खोलीत आजही एसी नाही! मी पापड लाटते आणि ताठ मानेने लाटते. एसी बसवला तो घरामागच्या, पापड ठेवायच्या खोलीत, कारण पोह्याच्या पापडांना उन्हाळा सोसत नाही, हे आता सगळ्या रामवाडीला मान्य आहे. तिथे एक पलंगही आहे, राखणीसाठी. त्यावर पांढरी, मोकळ्या विणीची सुती चादर आहे, वहिनींनी रोह्याहून पाठवलेली, या खेपेला खरोखरची भेट. रोज दुपारी मी राखणीला जाते, आणि एकट्या बाईमाणसाने एवढी जबाबदारी कशी घ्यायची म्हणून हेही येतात. पापड नसतात त्या दिवशीसुद्धा आम्ही राखण चुकवत नाही.

मला उकडत नाही. परवा तर दुपारी मला इतकी थंडी वाजली, की यांचा मफलर मी बांधला.